पल्ल्याचा आकडा आणि त्याचा इतिहास : वापरलेल्या प्लग-इन हायब्रीड मोटारीच्या चालनपद्धतींचा एक अभ्यास

प्रस्तावना

मोटारीचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने यंत्ररचना, कारखानदारी आणि बाजारपेठ यांकडे जाते. मोटारीच्या डॅशबोर्डवर उमटणारा एखादा आकडाही इतिहासाचा विषय होऊ शकतो, याची जाणीव मात्र फारशी आढळत नाही. प्लग-इन हायब्रीड मोटारीत असा एक आकडा असतो व तो म्हणजे बॅटरीचा पल्ला. पेट्रोल न जाळता ही मोटार किती किलोमीटर जाईल, हे तो सांगतो. नवी मोटार विकली जाते तेव्हा हा आकडा माहितीपत्रकात छापलेला असतो. तीच मोटार सहा-आठ वर्षांनी दुसऱ्याच्या हाती जाते तेव्हा माहितीपत्रकातील ५२ किलोमीटरच्या जागी डॅशबोर्डवर ३० किंवा ३५ असा आकडा दिसतो. ग्राहक गोंधळतो. बॅटरी निकामी झाली असे समजून तो चांगली मोटार नाकारतो, किंवा 'हे असेच असते' या विक्रेत्याच्या शब्दावर विसंबून झिजलेली मोटार घेऊन बसतो.

दोन्ही प्रसंगी चूक एकच असते. आकडा हे वस्तुस्थितीचे थेट दर्शन आहे असे गृहीत धरले जाते. इतिहासाच्या अभ्यासकाला ही चूक परिचित आहे. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हापासून मराठी इतिहासलेखनात अस्सल कागद आणि बखर यांतील भेद रूढ झाला. बखर खोटीच असते असे नाही. परंतु ती कोणी, केव्हा व कोणत्या हेतूने लिहिली हे जाणल्याखेरीज तिचा उपयोग करता येत नाही. पल्ल्याच्या आकड्यासही हाच नियम लागू पडतो, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे तीन आहेत. १) प्लग-इन हायब्रीड मोटारीतील चालनपद्धती, म्हणजे ज्यांना चालक 'मोड' म्हणतात त्या, कोणत्या ऐतिहासिक गरजांतून निर्माण झाल्या हे पाहणे. २) पल्ल्याचा अधिकृत आकडा चाचणीच्या नियमांनी कसा घडविला हे तपासणे. ३) या इतिहासाच्या आधारे वापरलेल्या मोटारीवरील आकडा कसा वाचावा याचे विवेचन करणे. लेखात ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. तपशील मुख्यतः अमेरिका, जपान व युरोप येथील आहेत. कारण ही मोटार तेथेच वाढली व तेथेच तिचा जुना बाजार उभा राहिला.

दोन शक्तींची मोटार : पूर्वपीठिका

वीज आणि पेट्रोल या दोन शक्ती एकाच वाहनात आणण्याची कल्पना मोटारीइतकीच जुनी आहे. व्हिएन्ना येथील लोहनर यांच्या कारखान्यात काम करणाऱ्या फर्डिनंड पोर्शे यांनी १९०० मध्ये 'सेम्पर व्हिव्हुस' हे वाहन तयार केले. या लॅटिन नावाचा अर्थ 'सदैव जिवंत' असा होतो. चाकांच्या तुंब्यांतच विजेच्या मोटारी बसविलेल्या होत्या व द दिओं-बूतों कंपनीची दोन छोटी पेट्रोल इंजिने केवळ वीज निर्माण करण्यासाठी होती. बॅटरी संपली की वाहन रस्त्यात मरते ही त्या काळच्या विद्युत वाहनांची भीती होती व नावातच तिला उत्तर दिलेले होते.

शिकागोच्या वुड्स कंपनीने १९१६ च्या सुमारास 'ड्युअल पॉवर' ही मोटार आणली. कमी वेगात ती विजेवर चाले. त्यापुढे पेट्रोल इंजिन साथीला येई व वेग ताशी सुमारे ५६ किलोमीटरपर्यंत जाई. कोणती शक्ती केव्हा वापरावी हा निर्णय येथे चालकाने आपल्या हाताने करावयाचा होता. पुढील शतकात 'मोड' या नावाने जे बटण आले, त्याचे हे पूर्वरूप म्हणता येईल. मोटार महाग होती, तिचा वेग बेताचा होता आणि पेट्रोल स्वस्त होते. त्यामुळे ती टिकली नाही.

यानंतर सुमारे आठ दशके हा विचार प्रयोगशाळांपुरता उरला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेत प्रा. अँड्र्यू फ्रँक व त्यांचे विद्यार्थी यांनी भिंतीवरील प्लगमधून चार्ज होणाऱ्या हायब्रीड मोटारींचे नमुने तयार केले. बाजारात मात्र डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये आलेली टोयोटा प्रियस यशस्वी झाली. तिला प्लग नव्हता. तिची लहान बॅटरी इंजिनाने व ब्रेक दाबताना परत मिळणाऱ्या ऊर्जेनेच भरली जाई.

बटणाचा इतिहास

२००३ मध्ये प्रियसची दुसरी आवृत्ती आली. जपान व युरोपमध्ये विकल्या जाणाऱ्या मोटारींत 'ईव्ही' असे एक बटण होते. ते दाबले की मोटार थोडे अंतर केवळ विजेवर जाई. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या त्याच मोटारीत हे बटण दिलेले नव्हते. यंत्र एकच, पण देश बदलताच चालकाचा अधिकार बदलला. हौशी तंत्रज्ञांनी ते बटण स्वतःच जोडून घेण्यास प्रारंभ केला. २००४ मध्ये 'कॅलकार्स' या गटाने प्रियसमध्ये जादा बॅटरी व प्लग बसवून ती घरच्या विजेवर चार्ज करून दाखविली. प्लग-इन हायब्रीडच्या प्रसारास या घटनेने मोठी चालना दिली.

डिसेंबर २००८ मध्ये चीनच्या बीवायडी कंपनीने 'एफ३डीएम' ही मोटार विक्रीस आणली. नावातील 'डीएम' या अक्षरांचा अर्थच 'दुहेरी मोड' असा होता. अमेरिकेत जनरल मोटर्सने जानेवारी २००७ मध्ये शेव्हरोले व्होल्टचा नमुना दाखविला आणि डिसेंबर २०१० मध्ये प्रत्यक्ष विक्री सुरू केली. व्होल्टसाठी ठरविलेले ४० मैलांचे उद्दिष्ट बॅटरीच्या रसायनातून निघालेले नव्हते. अमेरिकेतील ७८ टक्के नोकरदारांचा रोजचा प्रवास ४० मैल किंवा त्याहून कमी असतो, या सरकारी आकडेवारीवरून ते ठरले होते. अर्थात पल्ला आधी समाजाच्या सवयीवरून निश्चित झाला व बॅटरी त्या मापाने शिवली गेली.

व्होल्टमधील चालनपद्धती समजून घेतल्यास अशा सर्वच मोटारींचे अंतरंग कळते. मुळात अवस्था दोनच आहेत. पहिल्या अवस्थेत बॅटरीतील साठा खर्च होत जातो व इंजिन बंद असते. साठा ठरलेल्या पातळीपर्यंत उतरला की दुसरी अवस्था सुरू होते. त्यात इंजिन चालते व बॅटरीचा साठा त्या पातळीच्या आसपास राखला जातो. चालकाला मिळणारे बहुतेक मोड हे या दोन अवस्थांचा क्रम किंवा त्यांमधील सीमा बदलतात. 'स्पोर्ट'सारखे मोड मुख्यतः अ‍ॅक्सिलरेटरला मिळणारा प्रतिसाद बदलतात.

व्होल्टमधील 'माउंटन' मोड याचे बोलके उदाहरण होय. तिची मुख्य विद्युत मोटार १११ किलोवॅटची, तर पेट्रोल इंजिन ६३ किलोवॅटचे होते. सपाट रस्त्यावर ही तफावत जाणवत नाही. परंतु लांब व उभा घाट चढताना बॅटरी आधीच उतरलेली असेल, तर केवळ इंजिनाने निर्माण केलेली वीज पुरत नाही. म्हणून घाट येण्यापूर्वीच हा मोड निवडून बॅटरीत अधिक साठा राखून ठेवावयाचा असे. २०१३ च्या मॉडेलपासून अमेरिकेतील व्होल्टमध्ये 'होल्ड' हा मोडही आला. त्यामुळे महामार्गावर पेट्रोल व शहरात वीज अशी वाटणी चालकाला करता येऊ लागली.

जानेवारी २०१३ मध्ये जपानमध्ये विक्रीस आलेल्या मित्सुबिशी आउटलँडर प्लग-इनमध्ये 'सेव्ह' व 'चार्ज' अशी दोन बटणे होती. 'सेव्ह'मध्ये असलेला साठा राखला जातो. 'चार्ज'मध्ये इंजिन चालवून बॅटरी भरली जाते. यांपैकी दुसरे बटण नव्या मालकाची हमखास दिशाभूल करते. पेट्रोल जाळून भरलेली वीज ही फुकटची वीज नसते. तिच्यासाठी जळालेले पेट्रोल हिशेबात धरावेच लागते. पुढे शांतपणे किंवा धुराविना जाण्याची गरज असेल तेवढ्यापुरतीच तिची उपयुक्तता आहे.

मोड हा केवळ अभियंत्यांचा निर्णय नसतो, हे बीएमडब्ल्यू आय३ च्या इतिहासावरून अधिक स्पष्ट होते. या मोटारीच्या एका प्रकारात बॅटरी संपत आल्यावर वीज पुरविणारे लहान पेट्रोल इंजिन होते. कॅलिफोर्नियाच्या नियमांत अशा मोटारींसाठी स्वतंत्र वर्ग होता व त्यात बसण्यासाठी बॅटरी जवळजवळ संपेपर्यंत इंजिन सुरू होणे अपेक्षित नव्हते. म्हणून २०१४ पासून अमेरिकेत विकलेल्या मोटारीत साठा राखण्याची सोय चालकाला दिली गेली नाही. युरोपात मात्र साठा ७५ टक्क्यांच्या खाली आल्यावर चालक इंजिन सुरू करू शकत असे. सारांश, वापरलेल्या मोटारीत एखादा मोड नसणे हा बिघाडच असेल असे नाही. ती मोटार मुळात कोणत्या देशाच्या नियमांखाली जन्मली, हे आधी पाहावे लागते.

एक मोटार, तीन पल्ले

आता पल्ल्याच्या आकड्याकडे वळू. आउटलँडरच्या पहिल्या आवृत्तीतील बॅटरी १२ किलोवॅट-तासांची होती. एक किलोवॅट-तास म्हणजे आपल्या घरच्या वीजबिलातील एक युनिट. जपानच्या जेसी०८ चाचणीनुसार या मोटारीचा विजेवरील पल्ला ६०.२ किलोमीटर होता. युरोपच्या तत्कालीन एनईडीसी चाचणीनुसार तो ५२ किलोमीटर भरला. अमेरिकेत ही मोटार उशिरा पोहोचली. तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१८ च्या मॉडेलला २२ मैल, म्हणजे सुमारे ३५ किलोमीटर पल्ला दिला. तिन्ही ठिकाणी बॅटरी १२ युनिटांचीच होती.

हा फरक लबाडीचा नव्हे, तर मोजण्याच्या रीतीचा आहे. एनईडीसी चाचणीतील वेगवाढ सौम्य होती आणि हीटर वा वातानुकूलन यांचा खर्च तीत धरला जात नव्हता. अमेरिकी आकड्यात वेगवान व प्रत्यक्ष रस्त्याच्या जवळ जाणाऱ्या चालनाचा विचार अधिक होता. युरोपने २०१७ पासून एनईडीसीच्या जागी डब्ल्यूएलटीपी ही कडक चाचणी आणली. म्हणून २०१५ च्या मोटारीचा छापील पल्ला व २०२० च्या मोटारीचा छापील पल्ला यांची सरळ तुलना करणे म्हणजे जुने कोस व आजचे किलोमीटर यांची बेरीज करण्यासारखे आहे.

२०१२ च्या टोयोटा प्रियस प्लग-इनचे उदाहरण याहून सूक्ष्म आहे. तिची बॅटरी ४.४ युनिटांची होती. अमेरिकेत तिला ११ मैलांचा पल्ला मिळाला, परंतु त्यात अधूनमधून चालणाऱ्या इंजिनाचा वाटा होता. निखळ विजेवरचे अंतर केवळ ६ मैल नोंदले गेले. जोराने वेग वाढविला किंवा ताशी १०० किलोमीटरची मर्यादा ओलांडली की इंजिन सुरू होई. येथे 'विजेवरील पल्ला' या शब्दप्रयोगाचा अर्थच बदललेला दिसतो.

धोरण, कर आणि न उघडलेली केबल

पल्ल्याच्या आकड्यावरून पेट्रोलचा अधिकृत खर्च ठरत असे आणि त्या खर्चावरून कर ठरत असे. येथे या विषयास सामाजिक महत्त्व प्राप्त होते. एनईडीसीच्या काळातील युरोपीय नियमाचे गृहीतक असे होते की, पूर्ण चार्ज झालेली मोटार आधी आपला विजेवरील पल्ला संपविते, नंतर २५ किलोमीटर इंजिनावर चालते आणि मग पुन्हा चार्जरला लागते. आउटलँडरचा पल्ला ५२ धरल्यास एकूण ७७ किलोमीटरपैकी ५२ विजेवर, म्हणजे सुमारे ६८ टक्के अंतर पेट्रोलविना. उरलेल्या २५ किलोमीटरचे पेट्रोल ७७ किलोमीटरवर पसरले की १०० किलोमीटरला १.९ लिटर हा अधिकृत आकडा येतो. किलोमीटरमागे कार्बन डायऑक्साइड ४४ ग्रॅम भरला. यात यंत्राचे मोजमाप आहे, पण त्याहून अधिक माणसाच्या सवयीचा अंदाज आहे. मालक रोज चार्ज करील, हे गृहीत धरलेले आहे.

या आकड्याच्या बळावर मोटारीला सवलती मिळाल्या. ब्रिटनमध्ये २०११ पासून खरेदीसाठी अनुदान होते. प्लग-इन हायब्रीडसाठी ते २०१८ च्या अखेरीस बंद झाले. लंडनमधील गर्दी-शुल्कातून सूट मिळविण्यासाठी २०१३ पासून ७५ ग्रॅमची मर्यादा होती व आउटलँडर तीत सहज बसत असे. नेदरलँड्समध्येही करसवलतीमुळे या मोटारीस मोठी मागणी आली. कंपन्यांनी आपल्या अधिकाऱ्यांसाठी अशा मोटारी घेतल्या. कर वाचला, चार्जिंग मात्र झालेच असे नाही. 'द माइल्स कन्सल्टन्सी' या संस्थेने सुमारे १,५०० कंपनी-मोटारींच्या नोंदी तपासल्या, त्याची वार्ता २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. जाहिरातीतील सरासरी गॅलनला १३० मैल, म्हणजे लिटरला सुमारे ४६ किलोमीटर होती. प्रत्यक्षातील 'अ‍ॅव्हरेज' गॅलनला ४० मैल, म्हणजे लिटरला सुमारे १४ किलोमीटर भरला. काही मोटारींच्या चार्जिंग केबल वेष्टनातून बाहेरही काढलेल्या नव्हत्या.

पुढील संशोधनाने हे व्यापक प्रमाणावर सिद्ध केले. इंटरनॅशनल कौन्सिल ऑन क्लीन ट्रान्सपोर्टेशन या संस्थेने २०२० मध्ये सुमारे एक लाख मोटारींच्या माहितीवर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध केला. अधिकृत गृहीतकात विजेवरील अंतराचा वाटा सरासरी ६९ टक्के होता. खासगी मोटारींत तो ३७ टक्के व कंपनी-मोटारींत सुमारे २० टक्के आढळला. २०२१ पासून युरोपातील नव्या मोटारींत इंधनखर्चाची नोंद ठेवणारी सोय अनिवार्य झाली. या नोंदींवर आधारलेल्या युरोपीय आयोगाच्या मार्च २०२४ च्या अहवालानुसार प्लग-इन हायब्रीडचे प्रत्यक्ष उत्सर्जन प्रयोगशाळेतील आकड्याच्या सरासरी साडेतीन पट होते. गृहीतक बदलणारा सुधारित नियम २०२३ मध्ये संमत झाला व त्याची अंमलबजावणी २०२५ आणि २०२७ अशा टप्प्यांत ठरविण्यात आली.

वापरलेल्या मोटारीच्या ग्राहकासाठी यात एक बोध आहे. कंपनीच्या ताफ्यातून निघालेली मोटार पुष्कळ किलोमीटर चाललेली असली, तरी तिची बॅटरी भिंतीवरून फार थोड्या वेळा चार्ज झालेली असू शकते. म्हणून केवळ ओडोमीटरवरून बॅटरीच्या झिजेचा अंदाज करणे सयुक्तिक नाही. दुसऱ्या बाजूने, बॅटरी केवळ वापराने नव्हे तर काळाने व उष्णतेनेही झिजते. त्यामुळे कमी चाललेली मोटार निर्दोषच असेल असेही नाही.

आकड्याची साधन-चिकित्सा

डॅशबोर्डवरील पल्ला हा भविष्यकाळाविषयीचा अंदाज असतो. बॅटरीत उरलेली ऊर्जा आणि अलीकडच्या चालनातील सरासरी खर्च यांवरून संगणक तो काढतो. आधीच्या मालकाने महामार्गावर वेगाने मोटार आणली असेल, तर नव्या मालकाला पहिल्या दिवशी कमी पल्ला दिसतो. मोटार तीच, बॅटरी तीच. पण आकड्यात आधीच्या चालकाची सवय शिल्लक असते. बखरीत जसा बखरकार असतो, तसाच हा प्रकार.

याउलट, एका चार्जमध्ये प्रत्यक्ष खर्च झालेली युनिटे ही अस्सल कागदाच्या अधिक जवळची असतात. व्होल्टमध्ये शेवटच्या पूर्ण चार्जनंतर किती किलोवॅट-तास वापरले हे पडद्यावर दिसते. पहिल्या व्होल्टची बॅटरी १६ युनिटांची होती; पण आयुष्य वाढावे म्हणून तिचा वरचा व खालचा भाग राखीव ठेवून त्यांतील सुमारे १०.४ युनिटेच वापरास खुली होती. तिचा अधिकृत पल्ला ३५ मैल, म्हणजे सुमारे ५६ किलोमीटर होता. म्हणजे किलोमीटरमागे सुमारे १८६ वॅट-तास खर्च झाला.

उदाहरणादाखल समजा, थंडीत हीटरमुळे हा खर्च २४० वॅट-तासांवर गेला. बॅटरी पूर्ण निरोगी असूनही पल्ला सुमारे ४३ किलोमीटर होईल. आता दुसरी एक मोटार घेऊ. तिची बॅटरी झिजून वापरण्याजोगी ऊर्जा ९ युनिटांवर आली आहे, पण हवा सुखद आहे व खर्च १८६ च आहे. तिचा पल्ला सुमारे ४८ किलोमीटर होईल. म्हणजे झिजलेली मोटार निरोगी मोटारीहून अधिक पल्ला दाखवील! केवळ किलोमीटर पाहणारा ग्राहक येथे हमखास चुकतो. युनिटे पाहणारा चुकत नाही.

यावरून वापरलेली मोटार तपासण्याची पुढील रीत सुचविता येते. अ) मोटार रात्रभर भिंतीवरील प्लगने पूर्ण चार्ज करावी, विक्रेत्याने 'चार्ज' मोडवर इंजिनाने भरलेली बॅटरी ग्राह्य धरू नये. आ) 'सेव्ह', 'होल्ड' वा 'माउंटन' यांपैकी कोणताही मोड चालू नाही याची खात्री करून, हीटर व वातानुकूलन बंद ठेवून, साधारण वेगाने साठा संपून इंजिन सुरू होईपर्यंत मोटार चालवावी. इ) चाललेले किलोमीटर व खर्च झालेली युनिटे दोन्ही टिपून घ्यावीत आणि युनिटांची तुलना त्याच वर्षाच्या मॉडेलच्या वापरण्याजोग्या क्षमतेशी करावी. ई) पडद्यावर युनिटे दिसत नसतील, तर निदान-यंत्र जोडून बॅटरीची क्षमता वाचावी. पहिल्या आउटलँडरच्या बॅटरीत ४० अँपिअर-तासांचे ८० सेल असून एकूण दाब ३०० व्होल्ट होता. ४० गुणिले ३०० म्हणजेच १२ युनिटे. निदान-यंत्राने अँपिअर-तासांचा आकडा दिला की मूळ आकड्याशी तुलना करता येते. उ) भिंतीवरील मीटरचा आकडा बॅटरीच्या क्षमतेहून मोठा येणारच, कारण चार्जिंग करताना काही ऊर्जा उष्णतेच्या रूपाने जाते. पहिल्या व्होल्टच्या अधिकृत आकड्यांनुसार ३५ मैलांसाठी भिंतीतून सुमारे साडेबारा युनिटे लागत.

साठा शिल्लक असताना इंजिन सुरू झाले तरी लगेच दोष मानू नये. अतिशीत हवेत व्होल्टचे इंजिन उष्णतेसाठी चालू होत असे. आठवडेच्या आठवडे इंजिन न वापरल्यास ते सुस्थितीत राहावे म्हणून, तसेच टाकीतील पेट्रोल सुमारे वर्षभराहून जुने झाल्यास ते संपावे म्हणूनही इंजिन आपणहून चाले. हे नियम ठाऊक नसलेल्या मालकाला तोच बिघाड वाटतो.

महाराष्ट्राचा संबंध

या इतिहासाचा एक धागा पुण्याशी जुळतो. जून २०१० मध्ये पुण्याच्या केपीआयटी कमिन्स या कंपनीने भारत फोर्जच्या सहकार्याने 'रिव्होलो' ही योजना जाहीर केली. रस्त्यावरील पेट्रोल मोटारीलाच विद्युत मोटार व प्लगने चार्ज होणारी बॅटरी जोडून तिचे प्लग-इन हायब्रीड करावे, असा तिचा उद्देश होता. व्होल्टची विक्री सुरू होण्यापूर्वी काही महिने आधी मांडली गेलेली ही कल्पना नव्या मोटारीऐवजी जुन्या मोटारीपासून प्रारंभ करणारी होती, हे विशेष. ती बाजारात अपेक्षेप्रमाणे रुजली नाही. भारतात प्लग-इन हायब्रीड आल्या त्या बीएमडब्ल्यू आय८, व्होल्व्हो एक्ससी९० टी८ अशा अतिमहाग मोटारींच्या रूपाने, व त्याही अल्प संख्येने. त्यामुळे हा विषय परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या आज अधिक उपयोगाचा आहे. परंतु भारतातही मोटारींचे अधिकृत आकडे ठरविले जातात आणि त्या कामी १९६६ मध्ये स्थापन झालेली पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ही संस्था महत्त्वाची आहे. विद्युत वाहनांचा जुना बाजार जसा वाढेल, तसा छापील पल्ला व प्रत्यक्ष पल्ला यांचा प्रश्न आपल्याकडेही उभा राहणार आहे.

निष्कर्ष

१) प्लग-इन हायब्रीडमधील मोड हे यंत्राच्या मर्यादा, चालकाच्या गरजा आणि शासनाचे नियम या तिन्हींतून घडले आहेत. म्हणून मोटारीचा देश व वर्ष जाणल्याशिवाय तिच्या मोडचा अर्थ लावता येत नाही.

२) छापील पल्ला हा बॅटरीचा अंगभूत गुण नसून बॅटरी, चाचणी व गृहीत धरलेली सवय यांचे संयुक्त फलित आहे. एकाच १२ युनिटांच्या बॅटरीचे ६०, ५२ व ३५ किलोमीटर असे तीन पल्ले हा त्याचा पुरावा होय.

३) डॅशबोर्डवरील पल्ला हे दुय्यम साधन, तर एका चार्जमध्ये वापरलेली युनिटे व मोजलेली क्षमता ही प्रथम दर्जाची साधने मानावीत. पहिल्यावरून मत बनवावे, परंतु निर्णय दुसऱ्यांवरून करावा.

४) चार्ज न करता वापरली जाणारी प्लग-इन हायब्रीड ही बॅटरीचे ओझे वाहणारी पेट्रोल मोटारच ठरते. पहिल्या मालकाने कर वाचविण्यासाठी घेतलेली मोटार दुसऱ्या मालकाच्या हाती रोज प्लगला लागली, तर तिचा मूळ हेतू तेथे सिद्धीस जाऊ शकतो. त्या अर्थाने या मोटारीच्या इतिहासाचा उत्तरार्ध तिच्या दुसऱ्या मालकाने लिहावयाचा आहे, आणि त्यासाठी त्याला आकडा वाचता येणे आवश्यक आहे.